मुलांना घरी बोलू द्या!

‘प्रेमप्रकरणातून तरुणीची हत्या’ अशा मथळ्याची बातमी पहिल्या पानावर छापण्याचे दुर्दैव आमच्या वाट्याला आजवर अनेकदा आले आहे. रक्त सांडल्याखेरीज हा विषय पहिल्या पानावर यावयाचा नाही, अशी जणू आम्हा वृत्तपत्रांची रीतच होऊन बसली आहे. आज तशी बातमी आमच्यासमोर नाही. आणि नेमक्या याच कारणासाठी आज आम्ही आमचा अग्रलेख आतल्या पानावरून उचलून येथे आणला आहे. महाविद्यालये आता उघडतील. हजारो मुले-मुली शाळेची शिस्त मागे टाकून प्रथमच एकमेकांच्या मोकळ्या सहवासात येतील, आणि त्यांतील कित्येकजण प्रेमातही पडतील. तो त्या वयाचा धर्म आहे. त्याबद्दल नाके मुरडण्याची आमची इच्छा नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या प्रेमात उद्या संशय, पाळत, धमकी आणि मारहाण शिरली, तर ही मुले कोणापाशी तोंड उघडणार? सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या बहुतेक घरांत त्यांना तशी जागा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ही जागा नसणे हेच या हिंसेचे सर्वांत मोठे बळ आहे.

महाराष्ट्राची स्मृती इतकी दुबळी नसावी की, तिला मागचे काही आठवूच नये. १९९० साली उल्हासनगरात दहावीची परीक्षा देणाऱ्या एका मुलीला परीक्षा केंद्रातच जिवंत जाळण्यात आले. १९९८ साली सांगलीत एका तरुणीचा भररस्त्यात खून झाला. २ मे २०१३ रोजी वांद्रे टर्मिनसवर, नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होण्यासाठी दिल्लीहून आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर ॲसिड फेकण्यात आले आणि महिनाभर झुंज देऊन १ जून रोजी ती गेली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात, कॉलेजात शिकवावयास निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल ओतून पेटविण्यात आले; सात दिवसांनी तिने प्राण सोडला. तीस वर्षांचा हा काळ आहे. या तीस वर्षांत गावे बदलली, हत्यारे बदलली, गुन्हेगारांचा दावा मात्र बदलला नाही. ‘ती माझी नाही, तर कोणाचीच नाही’, हाच तो दावा!

प्रत्येक वेळी आपण मोर्चे काढले, मेणबत्त्या लावल्या, फाशीची मागणी केली. कायदेही झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले. त्याच वर्षी फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन ॲसिडहल्ला आणि पाठलाग हे स्वतंत्र गुन्हे ठरले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कायम आहेत. त्या संहितेचे ७८ वे कलम वाचकांनी एकदा अवश्य वाचावे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखविल्यानंतरही जो पुरुष तिच्या मागे जातो, तिच्याशी पुनःपुन्हा संपर्क साधू पाहतो किंवा तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवतो, तो त्या कलमाच्या दृष्टीने गुन्हेगार आहे. म्हणजे एका नकारात विषय संपला पाहिजे, हे कायद्याला कळले आहे. समाजाला ते अद्याप कळावयाचे आहे. अशा कृत्यांना ‘एकतर्फी प्रेम’ हे नाव आमच्याच व्यवसायाने रूढ केले, याची आम्हाला आज लाज वाटते. एखाद्याने दुसऱ्याच्या घरात जबरीने शिरून चोरी केली, तर आपण त्याला ‘एकतर्फी खरेदी’ म्हणतो काय?

परंतु ही झाली नकारानंतरची हिंसा. ती रस्त्यावर घडते, म्हणून दिसते. जेथे होकार असतो, जेथे दोघांनी एकमेकांना आपण होऊन निवडलेले असते, तेथील हिंसा कोणालाच दिसत नाही. वसईच्या एका तरुणीने नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. आपल्याबरोबर राहणारा जोडीदार आपल्याला मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो, असे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. पुढे ‘आता आमच्यात वाद उरला नाही’ असे तिने सांगितले आणि तो कागद मिटला. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, असे पोलिसांचे म्हणणे असून त्या जोडीदारावर खटला भरण्यात आला. खून झाला तो मे महिन्यात. आणि प्रकरण उघडकीस आले ते नोव्हेंबरात. इतके महिने एक मुलगी जगातून नाहीशी झालेली असते आणि कोणाला त्याचा पत्ता नसतो, कारण या नात्यामुळे तिचा घराशी संबंध जवळजवळ तुटलेला असतो! त्यानंतर महाराष्ट्रात वाद माजला तो जोडीदाराच्या धर्मावरून. पोलीस ठाण्यातील त्या कागदावर आणि त्या तुटलेल्या संबंधावर फारच थोडे बोलले गेले. आमच्या मते बोलावयाचे होते ते त्याविषयीच.

ही हिंसा एकाएकी, पहिल्या थपडेने सुरू होत नाही. तिचा आरंभ इतका गोड असतो की, पुष्कळदा तो प्रेमाचाच पुरावा वाटतो. ‘पोचलीस की फोन कर’ यात काळजी असते. मग ‘कोणाबरोबर गेली होतीस?’ असा प्रश्न येतो. त्यानंतर मोबाइलचा पासवर्ड मागितला जातो. लोकेशन सतत चालू ठेवण्याची अट पडते. फोन दोन वेळा वाजूनही उचलला नाही, तर तासभर भांडण होते. अमक्या मित्राशी बोलू नकोस, तमका पोशाख घालू नकोस, त्या मैत्रिणीचा नाद सोड, अशी एकेक खिडकी बंद होत जाते आणि एक दिवस त्या मुलीच्या जगात एकच माणूस उरतो. मग हात उठतो. दुसऱ्या दिवशी तोच हात जोडला जातो. रडणे होते, शपथा होतात, कधी मनगटावर ब्लेड ओढून घेऊन ‘तू सोडलेस तर मी जीव देईन’ असे सांगितले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली या चक्राचे वर्णन करून ठेवले आहे. प्रथम ताण साचत जातो, मग मारहाण होते आणि तिच्यामागून पश्चात्तापाचा व लाडाचा काळ येतो. हा तिसरा काळच मुलीला बांधून ठेवतो. ‘तिला अक्कल नव्हती काय? ती राहिलीच कशाला?’ असे विचारणाऱ्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की, ती मारासाठी राहिलेली नसते. माफी मागणारा तोच खरा आणि मारणारा तो क्षणाचा, या आशेवर ती राहिलेली असते.

आशेइतकीच भीतीही तिला बांधते. आणि येथे आम्ही वाचकांना स्वतःच्या घराकडे पाहण्याची विनंती करतो. ही भीती केवळ त्या मुलाची असते, असे समजू नये. अकरावीतील किंवा पदवीच्या वर्गातील मुलीने एके रात्री आईजवळ येऊन ‘मी एका मुलाबरोबर फिरत होते, आता तो मला मारतो’ असे सांगितले, तर आपल्या घरात काय होईल? मोबाइल काढून घेतला जाईल. कॉलेज बंद होईल. ‘आमच्या तोंडाला काळे फासलेस’ हे वाक्य उच्चारले जाईल. मामा-काकांची बैठक बसेल आणि पंधरा दिवसांत स्थळे पाहण्यास प्रारंभ होईल. म्हणजे अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला! हे त्या मुलीला पक्के ठाऊक असते. दुर्दैव असे की, ते त्या मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच त्याच्या हातातले सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे ‘तुझ्या घरी सांगीन’, ‘तुझे फोटो तुझ्या बापाला पाठवीन’ हे शब्द असतात. वाचकहो, या धमकीला धार कोण देतो? ज्या घरी मुलगी सर्व काही सांगू शकते, त्या घरी सांगण्याची धमकी कोण देईल? ज्या बापाने ‘फोटो आले तरी मी तुझ्याच बाजूला उभा राहीन’ असे आधीच सांगून ठेवले आहे, त्याला ते फोटो पाठवून काय साधणार? मुलीला कोंडणारी कडी बाहेरून तो मुलगा लावतो हे खरे; पण आतली कडी आपण लावलेली असते.

काही सज्जन यावर म्हणतील की, मुलांना एवढी मोकळीक दिली म्हणूनच हे घडते. प्रेमाच्या भानगडीत न पाडता वेळीच लग्ने लावून दिली असती तर हा प्रसंग आला नसता. या सज्जनांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीकडे पाहावे. २०१९ ते २०२१ या काळातील त्या पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याच्या हातची हिंसा भोगल्याचे सांगितले. यांतील बहुतेक लग्ने वडीलधाऱ्यांनी पाहून, ठरवून, मुहूर्त काढून लावलेली असणार. त्याच पाहणीत, काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्यच आहे, असे मानणाऱ्या स्त्रिया आणि पुरुष हे दोघेही शंभरात चव्वेचाळीस-पंचेचाळीस निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तर, जगात ज्या किशोरवयीन मुली अशा नात्यात राहिलेल्या आहेत, त्यांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याने विसाव्या वर्षापर्यंत जोडीदाराची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. तेव्हा मुले हे बाहेर शिकून येतात, असे म्हणून आपणास हात झटकता यावयाचे नाहीत. आईने थप्पड सोसली आणि ‘त्यांचा स्वभावच तापट’ म्हणून पदर सावरला, हे पाहत वाढलेली मुलगी पहिल्या थपडेला काय म्हणणार? आणि तेच पाहत वाढलेला मुलगा प्रेमाचा अर्थ काय घेणार?

आता त्या मुलाविषयी. त्याला राक्षस ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तोही आपल्याच कोणाच्या तरी घरी वाढलेला असतो. मत्सर वाटणे हा गुन्हा नाही. नकार मिळाल्यावर काळीज फाटल्यासारखे होणे हाही गुन्हा नाही. हेलन फिशर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रेमात झिडकारल्या गेलेल्या तरुण-तरुणींच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यसनाच्या तळमळीशी ज्यांचा संबंध आहे, तीच मेंदूतील केंद्रे या मुलांत चेतलेली आढळली. म्हणजे ती वेदना खोटी नाही, नाटकी नाही. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की, दिवस जातात तसा ओढीशी निगडित भागाचा तो आवेग ओसरू लागतो. किती मोठा दिलासा आहे हा! हे सारे ओसरणार आहे, एवढे सांगणारा एक वडीलधारा त्या मुलाजवळ त्या रात्री असता, तर कित्येक घरे वाचली असती.

प्रत्यक्षात त्याला काय ऐकू येते? ‘रडतोस काय बायकांसारखा?’ असे घर सांगते. ‘सोडू नकोस तिला, धडा शिकव’ असे मित्र सांगतात. आणि चित्रपट सांगतो की, चिकाटी धरली की नकाराचा होकार होतो. १९९३ च्या ‘डर’ मध्ये मुलीच्या मागे वेड्यासारखा लागलेला पुरुष हा खलनायक होता, तरी प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या त्याला. २०१९ च्या ‘कबीर सिंग’ मध्ये प्रेयसीला थप्पड मारणारा स्वतःच नायक झाला आणि त्या चित्रपटाने गल्ला भरला. चित्रपटांवर बंदी घाला, असे आम्ही म्हणणार नाही. बंदीने कोणाचे मन सुधारल्याचे ऐकिवात नाही. पण चित्रपट पाहून घरी आलेल्या मुलाशी त्यावर दोन शब्द बोलण्यास कोणाची बंदी आहे? राग आला की हात उचलण्याची मुभा, आणि दुःख झाले की बोलण्याची मनाई, अशा दुहेरी शिस्तीत आपण मुलगे वाढवितो आणि मग त्यांच्या कृत्यांनी हादरून जातो. मुलगेही अशा नात्यात छळ सोसतात, धमक्यांना बळी पडतात आणि लाजेपोटी मुलींहूनही अधिक मूक राहतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. मात्र प्राणाची किंमत बहुधा मुलीच मोजतात, हे विसरता येत नाही.

घर बोलत नसेल, तर शाळेने बोलावे. या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास अभिमानाचा आहे आणि वर्तमान संकोचाचे. स्त्री-पुरुष संबंधांवर उघड्यावर बोलावयाचे नाही, असा दंडक असताना रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, खटले व दंड सोसून, ते एकहाती चालविले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. त्याच महाराष्ट्राने २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाला विरोधाच्या गदारोळापुढे मान तुकवून स्थगिती दिली! तरीही काम करणारे थांबले नाहीत. मुंबईतच ‘परिवर्तन’ नावाच्या उपक्रमात शालेय मुलांच्या क्रिकेट प्रशिक्षकांना तयार करण्यात आले. सरावाच्या मैदानावर, फलंदाजीच्या धड्यांबरोबरच, मुलींशी आदराने कसे वागावे, राग कसा आवरावा, मित्र चुकत असेल तर त्याला कसे अडवावे, हे ते मुलांशी बोलत. मुलांच्या स्त्री-पुरुष समतेविषयीच्या धारणा त्यामुळे सुधारल्याचे पाहणीत दिसून आले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात शाळकरी मुलांसाठी असाच एक अभ्यासक्रम १९९० च्या दशकात घेण्यात आला. तो घेतलेल्या मुलांत चार वर्षांनंतरही प्रेमसंबंधांतील हिंसा इतरांपेक्षा कमी आढळली. तात्पर्य, हे शिकविता येते. शिकविल्याने मुले बिघडत नाहीत, सुधारतात. जो क्रिकेटचा प्रशिक्षक हे करू शकतो, ते वर्गशिक्षकाला आणि बापाला का साधू नये?

ज्यांच्या घरी आजच हा प्रसंग उभा आहे, त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. संबंध तोडण्याचा काळ हा सर्वांत धोक्याचा काळ असतो. ‘शेवटचे एकदा भेट’ या विनवणीला बळी पडून मुलीने एकटीने, निर्जन जागी कदापि जाऊ नये. धमक्यांचे संदेश संतापाने पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. तातडीच्या वेळी ११२, स्त्रियांसाठी १८१, अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या आजारासाठी वा आत्महत्येच्या विचारांसाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे क्रमांक घरात सर्वांना ठाऊक असावेत. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. मुंबई पोलिसांच्या सहकार्याने टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेले ‘दिलासा’ केंद्र ही या शहराने घालून दिलेली उदाहरणे आहेत. कायद्यातील एक अडचणही शासनाने ध्यानी घ्यावी. मुलगी अठरा वर्षांखालील असेल आणि तिने शरीरसंबंधाविषयी डॉक्टरला वा समुपदेशकाला काही सांगितले, तर ‘पॉक्सो’ कायद्याप्रमाणे त्याला ते पोलिसांना कळविणे भाग असते. या नियमामागचा हेतू निःसंशय चांगला आहे. पण बोलले की पोलीस, हे कळल्यावर कित्येक मुली मदतीच्या दारातून परत फिरतात. याचा शांतपणे विचार झाला पाहिजे.

राहता राहिले आपण शेजारी आणि रस्त्यावरचे लोक. २७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत एका मुलीवर कोयत्याचा वार होत असताना, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण मध्ये पडला. तो कोयता त्याने धरला आणि ती मुलगी वाचली. जवळजवळ एक वर्षाने, १८ जून २०२४ रोजी, वसईत एका तरुणीवर तिचा पूर्वीचा मित्र भररस्त्यात लोखंडी पान्याचे घाव घालीत राहिला. लोक पाहत राहिले आणि ती मेली. त्या पुण्याच्या तरुणाचा आम्ही गौरव करतो. पण प्रत्येक मुलीच्या नशिबी असा कोणी धावून येईल, या भरवशावर समाज चालत नाही. कोयता उगारला जाण्यापूर्वी काही महिने, कधी काही वर्षे, त्या मुलीला आणि त्या मुलालाही काहीतरी सांगावयाचे असते. त्या वेळी जे कान उघडे असावयास हवेत, ते रस्त्यावरच्या अनोळखी तरुणाचे नव्हेत, आपले आहेत.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. आज रात्री जेवताना आपल्या मुलीला आणि मुलालाही, कोणी प्रेमात आहे की नाही याची चौकशी न करता, एवढेच सांगावे: काहीही झाले तरी आधी घरी येऊन सांग, आम्ही रागावलो तरी तुझे शिक्षण बंद होणार नाही आणि तुला घराबाहेर काढले जाणार नाही. आणि मुलाला त्याबरोबर आणखी एक वाक्य सांगावे: कोणी तुला ‘नाही’ म्हटले, तर त्या रात्री आमच्यापाशी ये, तिच्या दारात जाऊ नकोस. हे शब्द सांगावयास कोणत्याही नव्या कायद्याची, निधीची किंवा समितीची गरज नाही. मात्र एकदा ते दिल्यावर पाळावे लागतील. कारण मुले घरच्यांचे शब्द फार काळ लक्षात ठेवतात, आणि ते एकदा मोडलेले दिसले, की पुन्हा बोलावयास येत नाहीत.